कातडीबचाव धोरण

जुन्या गाडीच्या चामडी सीटा साफ करून त्यांना पूर्वीचं रूप आणायचं, असं तुम्ही मनावर घेतलं असेल तर आधी पेलाभर पाणी प्या आणि पाच मिनिटं स्वस्थ बसा. गाडीत नव्हे, घरात. पाच मिनिटांनी उत्साह ओसरला असेल तर तुमची गाडी वाचली. हे पान उलटा आणि शब्दकोडं सोडवायला घ्या. ओसरला नसेल तर नाइलाज आहे, पुढे वाचा.

हे सांगण्याचा तुमचा अधिकार काय, असं पुण्यात कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे १९५१ सालची रोव्हर ७५ आहे. इंग्लंडात सोलिहलच्या कारखान्यात जन्मलेली. रोव्हरच्या या पी-फोर घराण्याला तिकडचे लोक लाडाने ‘आँटी’ म्हणतात. आमच्याकडे ती पहिल्याच दिवशी ‘मावशी’ झाली. या घराण्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांना, १९५२ पर्यंत, पुढच्या जाळीच्या बरोब्बर मधोमध एक तिसरा दिवा असायचा. शंकराचा तिसरा डोळाच म्हणा. आमच्या मावशीचा तो दिवा शाबूत आहे, पण त्याची वायर तुटलेली आहे. तिच्या सीटांचं मी जे काही केलं त्यानंतरही मी भस्म झालो नाही, ते त्या तुटक्या वायरीमुळे.

२०१४ साली प्रभात रोडवरच्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून मी तिला दोर लावून ओढत आणली. सीटा तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मळलेल्या, कुठे भेगाळलेल्या, एके ठिकाणी चार बोटं फाटलेल्या, पण धडधाकट. पुढच्या तीन वर्षांत मी त्यांचे जे हाल केले, ते आधीच्या त्रेसष्ट वर्षांना जमले नव्हते. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच माझी झाली आहे, शहाणपण तुम्ही फुकट घ्या.

पायरी पहिली : सीट चामड्याची आहे का ते बघा

हसू नका. ‘आमच्या अँबॅसॅडरच्या ओरिजिनल लेदरच्या सीटा’ असं छाती फुगवून सांगणारे किमान चार सद्गृहस्थ मला भेटले आहेत. अँबॅसॅडर आणि पद्मिनी या आपल्या दोन्ही कुलस्वामिनी रेक्झिनच्या सीटांवर वाढल्या. सरकारी अँबॅसॅडरच्या सीटवर पांढरा टॉवेल असायचा तो साहेबाच्या इभ्रतीसाठी तर होताच, शिवाय मे महिन्यात तापलेल्या रेक्झिनवर साहेब बसल्या जागी चिकटू नये म्हणूनही होता. तुमची गाडी या दोघींपैकी असेल तर तुमचं काम इथेच संपलं. साबणाचं पाणी, ओलं फडकं, कोरडं फडकं, चहा.

आता रेक्झिन हा शब्द आपण इतका घरचा केला आहे, की तो बहुधा नाना पेठेतच जन्मला असावा असं वाटतं. पण ते एका इंग्रजी मालाचं नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या एका कंपनीचं. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर द्यायचा आणि त्यावर चामड्याचा पोत उमटवायचा, अशी ती जुनी कृती. नायट्रोसेल्युलोज म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचा आणि बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा सख्खा भाऊ. हे मुद्दाम सांगतो, कारण जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात एक तरी काका भेटतात, जे म्हणतात, ‘सोपं आहे, कोपऱ्याला काडी लावून बघा, केस जळल्याचा वास आला तर चामडं.’ त्यांचं शास्त्र बरोबर आहे. फक्त सीट चामड्याची नसून जुन्या रेक्झिनची निघाली, तर शास्त्र सिद्ध होता होता गाडी जाईल. काकांना पोहे द्या, काडी देऊ नका.

विलायती गाडी म्हणजे चामडंच, असंही समजू नका. इंग्रज माणूस काटकसरी. टेकायचं तेवढ्या भागाला चामडं आणि सीटच्या कडांना, पाठीमागच्या बाजूला त्याच रंगाचं नकली कापड, हा धंदा तिकडे सर्रास चालायचा. १९६७ ची जॅग्वार २४० घ्या. नाव जॅग्वार, पण नेहमीच्या मालाच्या सीटा ॲम्ब्ला नावाच्या नकली चामड्याच्या. खरं हवं तर जादा पैसे मोजा. म्हणून तपासणी करायची ती बूड टेकतं तिथे. सीटखाली हात घालून बैठकीच्या कव्हरची दुमडलेली कड चाचपा. आतली बाजू मखमलीसारखी लवदार लागली तर चामडं, विणलेलं कापड लागलं तर रेक्झिन. मग छिद्रांची नक्षी बघा. नकली मालावर तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, बेडशीटवरच्या फुलांसारखी. खऱ्या चामड्यावर दोन इंच जागा एकसारखी सापडणार नाही, कारण ते अंग कुणाचं तरी होतं. गोचीड चावलेली असते, कुंपण लागलेलं असतं. बड्या गाड्यांना चामडं पुरवणारे लंडनचे कॉनोली बंधू म्हणूनच स्कँडिनेव्हियातल्या गुरांची कातडी पसंत करत. तिकडे काटेरी तारेची कुंपणं कमी. १८७८ साली सुरू झालेलं हे दुकान. रोल्स, बेंटली, जॅग्वार यांच्या सीटा यांच्याच, आणि ब्रिटिश पार्लमेंटातल्या बाकांचं चामडंही यांचंच. २००२ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. पार्लमेंट अजून चालू आहे.

पायरी दुसरी : काही करू नका, वाचा

सीट साफ करायच्या आधी वाचून घ्यायची असते. एकदा साफ केलीत की मजकूर गेला.

आमच्या मावशीची पुढची सीट सलग बाकासारखी आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे मध्ये काही आड येत नाही. या सीटची उजवी कड पार झिजून खालचं गोणपाट डोकावत होतं. ड्रायव्हर चढता-उतरता रोज तिथेच घासत असणार. त्याच्या शेजारची जागा जवळपास कोरी. मागच्या सीटचा डावा कोपरा खोलगट, उजवा मात्र ताठ. म्हणजे मालक स्वतः चालवत नव्हते, मागे डावीकडे बसत होते आणि बहुतेक वेळा एकटेच. डाव्या कोपऱ्यातच, पाठीच्या वरच्या कडेला, पुरीएवढा एक काळपट गोल होता. डोक्याच्या तेलाचा. साहेब आयुष्यभर डुलक्या घेत हिंडले, हे त्या पुरीवरून मला कळलं. त्यांचं नाव मला कागदपत्रांवरून कळलं, पण ओळख झाली ती या पुरीमुळे.

तर पहिला आठवडा फक्त बघा. फोटो काढून ठेवा. पुढे कुशनचं काम करणारे मास्तर विचारतील, ‘आधी कसं होतं?’ तेव्हा तुमच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा फोटोचा उपयोग जास्त होतो.

पायरी अडीच : कातडं पितं की नाही

ही पायरी मला उशिरा समजली, म्हणून क्रमांक असा.

कच्चं कातडं कुजतं. कमावलं की त्याचं चामडं होतं. कमावायच्या जुन्या पद्धतीत झाडाची साल, फळं असं तुरट काहीतरी लागतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हा हिरडा म्हणजे तोच, जो तुमच्या आजीने सहाणेवर उगाळून बाळघुटीत दिला होता. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून गोळा होणारा हिरडा बोटीत बसून विलायतेतल्या टॅनऱ्यांपर्यंत जायचा. तेव्हा साहेबाच्या गाडीचं चामडं आणि आपलं पोट एकाच औषधाने सुधारलं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत निघाली आणि आठवड्यांचं काम झटपट व्हायला लागलं.

पण नवशिक्याचा घात होतो तो इथून पुढे. कोल्हापुरी चपलेला तेल लावलं की ती पिते, मऊ होते, करकरते. साहजिकच वाटतं, सीटलाही तेल पाजावं. पण चप्पल उघडी असते. गाडीच्या सीटने रंगाचा रेनकोट घातलेला असतो. चामड्यावर रंगाचा थर, त्यावर लॅकरचा पातळ पापुद्रा. तुम्ही वरून ओतलेलं तेल रेनकोटवरच राहतं आणि जिथे भेगा आहेत तिथूनच काय ते आत झिरपतं. म्हणजे जिथे आधीच दुखतंय तिथे जास्त, बाकी ठिकाणी नुसतं ओशट. खात्री करायची तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. तसाच गोल बसून राहिला तर रेनकोट शाबूत आहे. जिरून डाग पडला तर तिथला रेनकोट फाटला आहे किंवा मुळात नव्हताच. बास. या एका थेंबाने माझी तीन वर्षं वाचली असती.

पायरी तिसरी : काय लावू नये (ही पायरी मोठी आहे, कारण मी सगळं लावून पाहिलं)

पहिला मान कपड्यांच्या पावडरीचा. २०१४ च्या दिवाळीआधी बादलीभर फेस करून मी नारळाच्या शेंडीने मागची सीट घासली. बादलीतलं पाणी बघता बघता लालसर झालं, मग कोकमाच्या सारासारखं. साठ वर्षांचा मळ निघतोय म्हणून मी बायकोला बोलावून ते पाणी दाखवलं. तिने बादलीत पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मळ लाल असतो?’ निघत होता तो रंग. कारण साधं आहे. चामड्याची प्रकृती आंबट. पीएच चार-पाचच्या घरातला. धुण्याची पावडर कडक क्षारी. तिने रेनकोट उसवला, पाणी शिवणीतून आत गेलं, सुती दोरा भिजला, आणि सीट वाळली ती पापडासारखी आक्रसून.

मग आत्या आली. आत्याचं म्हणणं, ‘कोरडी पडली आहे बिचारी, खोबरेल लाव.’ मी कुरकुरलो तर तिने मागच्या सीटवरच्या काळ्या पुरीवर बोट ठेवलं. ‘हे बघ, त्यांच्या डोक्याचं तेल साठ वर्षं लागतंय, तिथे भेग पडली आहे का? डोक्याला चालतं ते खुर्चीला का नाही चालणार?’ या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. डोक्याचं तेल आणि घाम हेच रेनकोट मऊ पाडून तो उकलतात. त्या पुरीला भेग नव्हती, कारण तिथे रंगच उरला नव्हता, नुसती काळी मेणचट साल होती. पण तेव्हा मी अर्धा लिटर खोबरेल जिरवलं. संध्याकाळी सीटा अशा तुकतुकल्या की आम्ही दृष्ट काढायची तेवढी ठेवली.

डिसेंबरच्या सकाळी आठ वाजता मी गॅरेज उघडलं. पुण्यात आदल्या रात्री दहाच्या आसपास पारा. आणि खोबरेल चोवीस-पंचविसाच्या खाली गोठतं, हे हिवाळ्यात बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या घरात वाढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. सीटांवर पांढरी साय धरली होती. भेगाभेगांत ती पांढऱ्या रेषांनी भरली होती, जणू कुणी रात्रभर बसून रांगोळी घातली. नखाने खरवडली तर भुगा निघाला. दुपारी ऊन चढलं, साय वितळली आणि खवट खोबऱ्याचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. जुलैमध्ये मागच्या सीटवर हिरवट-करड्या बुरशीचे नकाशे उमटले. त्यातला एक हुबेहूब रत्नागिरी जिल्हा होता.

तिसरा मान बूट पॉलिशचा. २०१६ साली पुतण्याचं लग्न, नवरदेव मावशीतून जाणार हे ठरलेलं. सीटांचे उडालेले रंग झाकायला मी डार्क टॅनच्या दोन डब्या संपवल्या, ब्रश मारला, फडक्याने चमकवलं. फोटोत काय दिसत होत्या! पण बूट पॉलिश म्हणजे मेण आणि रंग. बुटावर कुणी बसत नाही म्हणून ते खपतं. मागच्या सीटवर डावीकडे मुलीचे काका बसले, पांढरा शुभ्र झब्बा आणि लेंगा घालून. मे महिना, वीस मिनिटांचा रस्ता. कार्यालयाच्या दारात ते उतरले आणि वळून नमस्कार करायला लागले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या सनईवाल्याचा सूर गेला. मंडळी सज्जन. कुणी काही बोललं नाही. पण अर्ध्या तासात तिघांनी त्यांना ओआरएस आणून दिलं, आणि एका आजींनी पर्समधून हिरड्याची गोळी काढून हळूच त्यांच्या हातावर ठेवली. काकांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की सगळे आपली एवढी काळजी का करताहेत.

लिंबू, व्हिनेगर, केळ्याची साल, दूध, टूथपेस्ट या पाच गोष्टी लोक मोबाइलवर पाठवतात. त्यांचा फराळात उपयोग करा, टूथपेस्ट सोडून.

पायरी चौथी : आता साफ करा, पण थोडंच

आधी धूळ. भेगांत आणि पायपिनच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाच्या, कडेला जी बारीक धूळ बसते ती पॉलिशपेपरचं काम करते. ओलं फडकं फिरवलंत की ती चामड्यात रगडली जाते. म्हणून रंगाऱ्याचा मऊ ब्रश एका हातात, व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात. ब्रशने उडवायचं, नळीने ओढायचं. एका सीटला अर्धा तास लागला पाहिजे. कमी लागला तर तुम्ही घाई केलीत.

मग सौम्य साबण, क्षारी नसलेला. कोमट पाण्यात तो फेसाळायचा आणि स्पंजने फक्त फेस उचलायचा, पाणी नाही. वीतभर जागेवर हलक्या हाताने गोल फिरवा, लगेच ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने टिपा. मग पुढची वीत. फडक्यावर मळ आला तर पुन्हा. रंग आला तर थांबा, हात वर करा आणि गाडीपासून दोन पावलं मागे व्हा.

शिवणीवर पाणी जाऊ देऊ नका. वाळवायला सावली. हेअर ड्रायर नाही, पंखा चालेल, एप्रिलचं ऊन तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी चामड्याचं क्रीम, लॅनोलिनवालं असेल तर उत्तम. मेंढीच्या लोकरीतली ही चरबी चामड्याला मानवते. किती? एका सीटला दोन वाटाणे. लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी जे वर उरलं असेल ते पुसून काढायचं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा. दसऱ्याला तसंही गाडी धुवायला निमित्त असतं. यापलीकडे हात शिवशिवले तर घरातल्या पितळी भांड्यांना पितांबरी लावा. ती तक्रार करत नाहीत.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. बुरशीला लागते ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. आपण गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालून तिन्हींची सोय करतो. सुती कव्हर घाला, काचा बोटभर उघड्या ठेवा, आठवड्यातून एकदा चारही दारं तासभर सताड उघडा. बुरशी आलीच तर गॅरेजबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका आणि नाकाला रुमाल बांधा. स्पिरिट लावा म्हणून कुणी सांगेल. जुनं लॅकर स्पिरिटने मऊ होऊन सुटू शकतं, म्हणून आधी सीटखाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी लावून बघा. हा नियम स्पिरिटलाच नव्हे, बाजारातल्या प्रत्येक बाटलीला लागू आहे.

आणि भेगेवरून बोट फिरवल्यावर गेरूसारखी लाल भुकटी बोटाला लागली, तर कुठलीच बाटली उघडू नका. झाडपाल्यात कमावलेल्या चामड्याचा हा क्षय आहे. हवेतला गंधकाचा धूर चामड्यात मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि तंतू आतून जळतात. १८४० च्या दशकात लंडनच्या अथेनियम क्लबातलं चामडं असं कुजायला लागलं, तेव्हा खुद्द मायकेल फॅरडेने त्याचं खापर क्लबातल्या गॅसच्या दिव्यांवर फोडलं होतं. भुकटी झालेलं चामडं परत चामडं होत नाही. ते तसंच धरून ठेवायची औषधं मिळतात, पण त्यावर बसायचं नाही, नुसतं बघायचं.

पायरी पाचवी : मास्तरांना बोलवा

ही खरं तर पहिली पायरी व्हायला हवी होती. पण मास्तरांना बोलावण्याची अक्कल यायला आधीच्या चारही लागतात.

२०१७ साली मी कुशनचं काम करणारे एक म्हातारे मास्तर नाना पेठेतून आणले. त्यांनी मागचं दार उघडलं, वास घेतला, नखाने पॉलिशचा थर उकरला, त्याखाली खोबरेल, त्याखाली पावडरीने पांढुरकी झालेली साल. उत्खननच म्हणायचं. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘साहेब, ही गाडी तुमचीच ना? कुणाशी दुश्मनी नाही ना?’

मी सगळं नवीन करायचं का, असं विचारलं. नवीन चामडं, नवा फोम, नवा रंग. म्हणाले, ‘करतो की. दहा दिवसांत करतो. मग गाडी तुमच्या वयाची दिसेल, तिच्या नाही.’

मास्तरांनी फाटलेली जागा कशी सांधली ते मात्र बघण्यासारखं होतं. सीट काढून उलटी केली, कव्हर खालून सोडवलं. आत गोणपाट, त्याखाली घोड्याच्या केसांची गादी, त्याखाली स्प्रिंगा. केसांत उंदरांचं रिकामं घरटं, एक हेअरपिन आणि १९६२ चा एक नवा पैसा. साहेब मागे एकटेच बसत असत, या माझ्या सिद्धांताला हेअरपिनमुळे थोडा धक्का बसला. मास्तरांनी मांजरपाटाचा तुकडा फाटीपेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठा कापला, फाटीतून आत सरकवला, बोथट सुरीने चामड्याच्या पोटाला लवचीक डिंक लावला आणि फाटीच्या दोन्ही कडा अशा जवळ आणल्या की एकमेकींवर चढायला नकोत आणि फट राहायलाही नको. वर वाळूची पिशवी ठेवली. ‘आता उद्या,’ म्हणाले आणि गेले. मी असतो तर त्या फाटीला दाभणाने पोत्यासारखे टाके घालून मोकळा झालो असतो. दुसऱ्या दिवशी भेगेत पातळ भरणा, वाळला की बारीक पॉलिशपेपरचा एक हात, परत भरणा. असं चार वेळा. मग स्पंजने रंग टिपत टिपत, पाण्यासारखा पातळ.

उसवलेल्या शिवणी त्यांनी मशिनवर घेतल्याच नाहीत. मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि पहिल्या शिवणीचीच भोकं. मशिन जवळ असून हाताने का, म्हटल्यावर त्यांनी पायपिनच्या कडेची भोकांची ओळ दाखवली. ‘यांच्या शेजारी अजून एक ओळ मारली, की टपालाचं तिकीट झालं. फाडायला सोपं.’

डोक्याच्या तेलाची ती काळी पुरी मात्र त्यांनी काढायला साफ नकार दिला. रंग धरणार नाही, म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘राहू द्या. मालकांची आहे.’

आता मी सीटांना वर्षातून दोनदा दोन वाटाणे क्रीम लावतो आणि एरवी गॅरेजला कुलूप घालतो. किल्ली बायकोकडे असते. मावशीत एक फेरी मारायची असेल तर रविवारी सकाळी जरूर या, चहा आमच्याकडे. फक्त पांढरं काही घालून येऊ नका. मागच्या सीटच्या डाव्या पायपिनखाली २०१६ चं पॉलिश थोडं अजून शिल्लक आहे.